संगणकीय लेखनातील पर्यायशब्द

आज्ञावलीविषयक (प्रोग्रॅमविषयक) लेखनात समानार्थी शब्दांतून एकाची निवड करण्याची रीत. ललित गद्यात पुनरुक्ती टाळण्यासाठी पर्याय योजणे हा गुण ठरतो. शास्त्रीय लेखनात एका संकल्पनेस एकच शब्द, हे तत्त्व पाळावे लागते. सुबोध शब्द घ्यावा की काटेकोर, या वादाची पूर्वपीठिका विदर्भात, विशेषतः वर्धा व नागपूर येथे आढळते.

महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्धा येथे राष्ट्रभाषा प्रचार समिती (१९३६) स्थापन झाली. नागरी व उर्दू या दोन्ही लिपींत लिहिली जाणारी, लोकांच्या बोलण्यातील हिंदुस्थानी गांधीजींना अभिप्रेत होती. त्यासाठी १९४२ मध्ये त्यांनी हिंदुस्थानी प्रचार सभा स्थापिली. याउलट नागपूर येथे डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंना उपसर्ग व प्रत्यय जोडून शब्दकुले सिद्ध करण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. विधी, विधान, विधेयक, विधायक हे अशा शब्दकुलाचे परिचित उदाहरण होय. संविधानाच्या ३५१ व्या अनुच्छेदात हिंदुस्थानीतील रूपे व शैली आत्मसात करणे आणि शब्दांसाठी मुख्यतः संस्कृतचा आधार घेणे, अशा दोन्ही गोष्टींचा निर्देश आहे.

संगणकाच्या प्रसाराबरोबर हा प्रश्न पुन्हा उद्‌भवला. मराठीत ‘संगणक’ हा शब्द रूढ झाला. हिंदीत ‘अभिकलित्र’ सुचविला गेला, तरी ‘कंप्यूटर’ हाच अधिक प्रचारात राहिला. ‘कार्यक्रम’ हा शब्द समारंभाचाही वाचक असल्याने मराठीत ‘आज्ञावली’ हा शब्द अधिक निःसंदिग्ध ठरतो.

व्यवहारात चूक, दोष व बिघाड हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. संगणकशास्त्रात मात्र माणसाच्या हातून होणारी चूक, तिच्यामुळे आज्ञावलीत राहणारा दोष आणि ती चालविताना दिसून येणारा बिघाड, या तीन भिन्न अवस्था आहेत. शैलीसाठी त्यांची अदलाबदल केल्यास कार्यकारणभावच पुसला जातो. खुद्द आज्ञावलीत तर पर्यायाला मुळीच वाव नसतो : एका चलाचे नाव एके ठिकाणी ‘किंमत’ व दुसरीकडे ‘मूल्य’ असे लिहिल्यास संगणक ते दोन भिन्न चल समजतो. म्हणून अशा मजकुराचे पुनर्लेखन करताना वाक्यरचना बदलावी, सामान्य क्रियापदे बदलावीत. पारिभाषिक शब्द व नावे कायम ठेवावीत.

वर्ध्याच्या समितीने १९७५ मध्ये नागपूर येथे पहिले विश्व हिंदी संमेलन भरविले. तेथे मांडल्या गेलेल्या हिंदी विद्यापीठाच्या कल्पनेतून वर्धा येथे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय (१९९७) साकार झाले. भाषा-अभियांत्रिकीचा तेथील अभ्यासक्षेत्रांत समावेश झाल्याने शब्दनिवडीचा हा जुना प्रश्न वर्धा येथे नव्या रूपात अभ्यासाचा विषय झाला.