महिंद्रा अँड मोहम्मदची जीप

महाडच्या औद्योगिक वसाहतीतून बिरवाडीच्या बाजूला किंवा पुढे पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांकडे गेलं, की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या जीप, मार्शल, कमांडर आणि पहिल्या पिढीतल्या बोलेरो अजून रस्त्यावर दिसतात. कुणी पाळीवरच्या कामगारांना नेतं, कुणी सिमेंटच्या गोणी, कुणी लग्नघरची भांडी. यातल्या बहुतेक गाड्यांनी शोरूमचं तोंड कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. तरी त्या चालतात. कशा चालतात, हे सांगण्याआधी त्या मुळात कुठून आल्या हे सांगायला हवं, कारण त्या गोष्टीत आपल्यालाही एक जागा आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी एक कंपनी सुरू झाली. तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि तिसरे मलिक गुलाम मोहम्मद. गुलाम मोहम्मद लाहोरचे, अलीगढला शिकलेले, हिशेब खात्यातले नावाजलेले अधिकारी. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं अर्थखातंही त्यांनी सांभाळलं होतं. कंपनीचा पहिला धंदा पोलादाचा होता.

दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. इंग्रजीतली आद्याक्षरं मात्र तीच राहिली: एम अँड एम. १९५१ मध्ये गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. तिथे त्यांनी पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांना काढलं आणि संविधान सभा बरखास्त केली. पाकिस्तानच्या लोकशाहीला सुरुवातीलाच जे धक्के बसले, त्यांत त्यांचा हात मोठा होता. त्यामुळे ‘आपला माणूस’ म्हणून त्यांचा गौरव करावा असं मला वाटत नाही. पण १९५५ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत प्रमुख पाहुणे म्हणून आले ते हेच गुलाम मोहम्मद, ही नोंदही विसरू नये. भागीदारी तुटल्यावरही माणसं एकमेकांकडे येत-जात होती, असा तो काळ होता.

याच सुमारास कंपनीने माझगावात अमेरिकेतल्या विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. ही जीप दुसऱ्या महायुद्धासाठी तयार झाली होती. सैन्याला इतक्या गाड्या हव्या होत्या की एकट्या विलीज कंपनीला ते झेपेना. म्हणून तोच आराखडा फोर्ड कंपनीलाही दिला गेला. दोघींनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, आणि एकीचे बहुतेक भाग दुसरीला बसत. रणांगणावर दोन मोडक्या जीप जोडून एक चालती करता यावी, ही सैन्याची गरज होती. जुन्या जीपची आजची सगळी दुरुस्ती याच गुणावर उभी आहे.

भारतात तिच्यात बदल होत गेले. मूळ इंजिन पेट्रोलचं. पेट्रोल महागलं तसं ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. १९८० च्या दशकात एमएम ५४० मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन आलं. पुढे आर्मडा आली आणि २००० मध्ये बोलेरो. गाड्यांची नावं बदलली, पण सांगाडा, पाटे आणि गिअरबॉक्स यांच्यात नातं राहिलं. म्हणून एका गाडीचा भाग थोड्या फेरफाराने दुसरीला लागतो.

आता महाड-पोलादपूरकडे येऊ. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पोलादपूरहून खेडकडे निघालं की कशेडी घाट, महाबळेश्वरकडे निघालं की आंबेनळी. चढाला इंजिन तापतं, उताराला ब्रेक तापतात, आणि पावसाळाभर पत्रा गंजतो. इथे जुनी गाडी ठेवणाऱ्याला तीन गोष्टी शिकाव्याच लागतात, आणि त्या तो पुस्तकातून शिकत नाही. दुसऱ्या मालकाकडून शिकतो.

जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. आंबेनळीच्या लांब उतारावर ते तापले की पकड सुटते. एकाने बोलेरोचे पुढचे डिस्क ब्रेक आणि बूस्टर बसवून घेतले, की दुसरा येऊन चाकाखाली वाकून बघतो, कुठलं ब्रॅकेट लागलं ते विचारतो आणि आठवड्याभरात स्वतःच्या गाडीचं काम काढतो. स्टिअरिंग जड म्हणून बोलेरोचं पॉवर स्टिअरिंग. चढाला दम लागतो म्हणून २.१ च्या जागी त्याच प्यूजो घराण्यातलं २.५ लिटरचं इंजिन. बाजारात न मिळणारा बुश वसाहतीच्या आसपासच्या लेथवर कातून घेता येतो. टर्नर एक बुश कातायला बसला की मालक म्हणतो, “भाई, दोन जास्तीचे काढून ठेवा, कुणाला तरी लागतील.” पुढच्या पावसाळ्यात त्यातला एक कुणाला तरी लागतोच.

या कामात आपली माणसं पूर्वीपासून आहेत. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आपल्या किनाऱ्यावर आला, ‘उस्ताद’ फारसीतून. गॅरेजमध्ये दोन्ही चालतात. उस्तादाच्या हाताखाली पाना देता देता शागीर्द तयार होतो. कोकणातले आपले अनेक तरुण आखातात गेले, तिथल्या वर्कशॉपमध्ये राबले आणि परतताना हुनर घेऊन आले. त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्यांवर ‘जय शिवराय’ही असतं आणि ‘७८६’ही. बोनेट उघडल्यावर मिस्त्रीला दोन्हीत तेलाची गळती एकाच जागी सापडते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर रस्तोरस्ती चिखलाने भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. तेव्हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला तोंडोतोंडी फिरत होता: चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग हजारांचं काम लाखावर जातं. आधी बॅटरीची तार काढा, नोझल काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचं तेल काढून नवं भरा, डिझेलची टाकी धुवा. जुन्या जीपचा डिझेल पंप यांत्रिक असतो, त्याला संगणक लागत नाही. म्हणून त्या गाड्या या उपायांनी उठू शकतात. नव्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रक भिजलं, तर शेजारी कितीही जाणकार असला तरी त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

कुरआनातल्या १०७ व्या सूरेचं नाव ‘अल-माऊन’ आहे. नमाज पढतात पण रोजच्या वापरातल्या साध्या वस्तूही कुणाला देत नाहीत, अशांची त्यात निर्भर्त्सना आहे. भाष्यकारांनी माऊनचा अर्थ सांगताना पातेलं, कुऱ्हाड, बादली अशी उदाहरणं दिली आहेत. जॅक, टोचनाची दोरी, बावीसचा पाना ही आपल्या काळातली माऊनच. कारागिराला मदत करावी, किंवा ज्याला काम येत नाही त्याचं काम करून द्यावं, ही नेकी आहे, असं सांगणारी हदीसही आहे. आंबेनळीत अडकलेल्या गाडीपाशी थांबून जो हात काळे करतो, त्याला ही हदीस माहीत असो वा नसो, तो तिच्यावर अमल करतोच.

या देवाणघेवाणीला दुसरी बाजूही आहे. ऐकीव सल्ल्यावर चॅसी कापणारे, रुंद टायर घालून बेअरिंग खाणारे लोकही आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत. इंजिन बदलायचं तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी दावा अडवू शकते आणि मग भोगावं लागतं ते घरच्यांना. शेजाऱ्याला इंजिनाचा सल्ला देणाऱ्याने ही गोष्टही त्याच वेळी सांगायला हवी.

मला काळजी वाटते ती वेगळीच. तवेराचं बघा. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं. कोकणात पर्यटकांच्या भाड्यासाठी घेतलेल्या किती तरी तवेरा मालकांच्या दारात राहिल्या. कंपनी देश सोडू शकते, कर्ज काढून गाडी घेतलेला माणूस सोडू शकत नाही. त्याला एकमेकांना विचारूनच दिवस काढावे लागतात. पण पुढच्या गाड्या अशा येत आहेत की त्यांचा दोष वाचायलाही कंपनीचं यंत्र आणि तिचा पासवर्ड लागतो. हाताने शिकवता येईल असं त्यांत कमी कमी उरतंय. केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ हा विषय २०२२ मध्ये हाती घेतला आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. त्याबद्दल आपल्या गॅरेजवाल्यांना, जीपवाल्यांना फारशी माहिती नाही. ती पोचवली पाहिजे, आणि मिस्त्री लोकांनी त्यात आपलं म्हणणं मांडलं पाहिजे.

कंपनीच्या पाटीवरून मोहम्मद हे नाव जाऊन पाऊणशे वर्षं झाली. त्याचं दुःख करत बसण्यात अर्थ नाही. पण ती जीप आजवर चालवली कुणी, याचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात माझगावच्या मालकांबरोबर बिरवाडीचा टर्नर, पोलादपूरचा जीपवाला आणि त्यांच्या हाताखाली पाना देणारं पोरही आलं पाहिजे. यातले जुने उस्ताद आता थकले आहेत. त्यांच्याजवळ बसून कुठला भाग कुठे बसतो, हे कुणीतरी वहीत उतरवून घ्यायला हवं. तुमच्या गावात असा मिस्त्री असेल, तर हे काम या पावसाळ्याच्या आत करा.