शिंजीर ओळखावा पोटावरून, घरटे ओळखावे छपरावरून

रत्नागिरीच्या परसात जास्वंदीवर भिरभिरणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याला अनेक जण ‘हमिंगबर्ड’ म्हणतात. हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांत आढळतो. आपला हा शिंजीर, अर्थात सूर्यपक्षी. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, चोच बारीक व खाली वाकलेली.

नराच्या चकाकत्या रंगाने फसगत होते, कारण तो उन्हागणिक बदलतो. नजर पोटाकडे असावी. वस्तीतल्या नराचे पोट पिवळे व गळा जांभळा असेल, तर तो जांभळ्या पाठीचा शिंजीर. सर्वांग काळे-जांभळे असल्यास जांभळा शिंजीर. विणीनंतर मात्र या दुसऱ्याचा नर मादीसारखा पिवळट होतो. गळ्यापासून पोटापर्यंत गडद रेघ तेवढी उरते. चोच बरीच लांब, पोट तपकिरी असेल तर लोटनचा शिंजीर. लाल गळ्याच्या किरमिजी शिंजिरासाठी सह्याद्रीतील जंगल गाठावे लागते.

हापूसच्या बागेत शिंजीर हमखास भेटतो तो बांडगुळाच्या फुलांवर. त्या फुलांचे परागीकरण तो करतो. बिया पसरविण्याचे काम मात्र फुलटोच्याचे.

घरटे ओळखणे अधिक निकडीचे. कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेली, सालीचे कपटे लोंबणारी ही पिशवी पडवीतल्या वायरीलाही लटकते आणि जळमट समजून झाडून टाकली जाते. बाजूला छोटे तोंड, त्यावर छपरासारखा पुढे आलेला भाग दिसला की झाडू थांबवावा. आत बहुधा दोन अंडी असतात.