पद्मपाणी, पुठ्ठ्याच्या नळीतून

परवा भाचीचा फोन आला. "मामा, घराला हॉलमध्ये मोठं चित्र हवंय. अजिंठ्याचा पद्मपाणी पाठव ना! पण फार खर्च करू नकोस." भाची बंगळुरात, मी औरंगाबादेत (म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, पण तोंडातली सवय जात नाही).

फ्रेम करून पाठवायची तर चित्रापेक्षा काच जड, आणि कुरिअरवाले मोठ्या खोक्याचं वजन आकारावरून धरतात. शेवटी ठरलं, नुसता कागद पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून पाठवायचा आणि फ्रेम तिने तिकडे करायची. नळी शोधत फिरताना मनात आलं, अजिंठ्याची चित्रं घराबाहेर पाठवायचा हा खटाटोप किती जुना आहे!

१८४४ मध्ये कंपनी सरकारने मेजर रॉबर्ट गिलला अजिंठ्याला धाडलं. लेण्यांतल्या अंधारात त्याने वर्षानुवर्षं बसून मोठमोठ्या कॅनव्हासवर नकला काढल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ ते १८८५ हे काम चाललं. त्याही नकला लंडनला गेल्या आणि १८८५ मध्ये त्यांतल्या अनेक आगीतच गेल्या. याला काय म्हणावं?

उरलं काय, तर कागदावर छापलेलं. गिलने काढलेल्या फोटोंचं पुस्तक १८६४ मध्येच निघालं होतं. ग्रिफिथ्सचे दोन भलेमोठे खंड १८९६-९७ मध्ये आले. पण ते घेणार कोण? संस्थानिक आणि ग्रंथालयं. सामान्य माणसाच्या भिंतीवर त्यातलं काही येणार नव्हतं.

भिंतीवर चित्र आणलं ते राजा रविवर्म्याने. मोजकी चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढा, असं त्यांना सर टी. माधवराव यांनी सुचवलं होतं. हे माधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईतच छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकाच कागदावर रंगामागून रंग चढवायचे. दगड एकदा तयार झाले की मग प्रती काढत राहायचं, म्हणून किंमत उतरली. लक्ष्मी-सरस्वती देवघरात आल्या त्या अशा.

असो. सांगायचा मुद्दा असा, की कॅनव्हास एकच होता, तो जळाला. कागद पुष्कळ होते, ते कुठे ना कुठे राहिले. स्वस्त प्रतीला आपण नाक मुरडतो खरं, पण चित्राचं आयुष्य तीच वाढवते.

गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. इतकी वर्षं घालवून हाती राख आलेल्या त्या माणसाचा विचार करत मी नळीचं तोंड चिकटपट्टीने दोनदा बंद केलं.

चौथ्या दिवशी भाचीचा मेसेज आला : "पोचला. एक कोपरा दुमडलाय, पण डोळे शाबूत आहेत."

तुमच्या घरी लहानपणी भिंतीवर कुठलं चित्र होतं? आणि आता ते कुठे आहे?