खेचरांची वाट

नदीचा इतिहास लिहिणारे घाटांविषयी, पुलांविषयी आणि पुरांविषयी लिहितात. काठच्या वाटेविषयी सहसा कोणी लिहीत नाही. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाऊनपासून पोटोमॅक नदीच्या काठाने मेरीलँडच्या डोंगरांतील कंबरलँडपर्यंत गेलेली १८४.५ मैलांची, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटरची वाट मात्र स्वतःचा इतिहास पायांखाली बाळगून आहे. आम्ही तिचे काही टप्पे पायी, काही सायकलवर पार केले आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न घेऊन परतलो: ही वाट नक्की कोणाची?

मुळात ही वाट माणसांसाठी नव्हतीच. ४ जुलै १८२८ रोजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी चेसापीक आणि ओहायो कालव्याची पहिली कुदळ मारली. झाडाच्या मुळांनी दाद दिली नाही, तेव्हा अध्यक्षांना अंगातला कोट उतरवावा लागला. त्याच दिवशी बाल्टिमोर येथे बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वेचाही शुभारंभ झाला. पुढील कथा जणू त्या एका दिवसातच लिहिली गेली होती. रेल्वे १८४२ साली कंबरलँडला पोचली. कालवा १८५० साली, आणि तिथेच थांबला. ओहायो नदी त्याच्या नावातच राहिली.

कालवा ६०५ फुटांची चढण ७४ लॉकांनी चढतो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी हौद. त्यात पाणी भरले की नाव वर येते, सोडले की खाली जाते. नावा ओढीत खेचरे, आणि त्यांच्या चालण्यासाठी कालव्यालगत जी पट्टी राखली, तीच आजची वाट. नावेवर कुटुंबेच्या कुटुंबे राहत. खेचरांमागे पुष्कळदा त्या घरातली मुले चालत.

त्याआधी हा कालवा खोदणारे मजूर होते, त्यांत आयरिश स्थलांतरित मोठ्या संख्येने. १८३२ साली पटकीच्या साथीने त्यांना गाठले. १८३४ साली मजुरांच्या दोन गटांत दंगल उसळली, तेव्हा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी सैन्य धाडले. पॉ पॉ गावाजवळचा ३,११८ फुटांचा बोगदा १८३६ साली खोदायला घेतला, तो खुला झाला १८५० मध्ये. आज त्या अंधारातून विजेरी आणि सायकल हाती धरून चालताना वेळ काही मिनिटांचाच लागतो. भिंतींच्या विटा मात्र चौदा वर्षांचा हिशेब सांगत राहतात.

१८८९ च्या महापुराने कालवा कंपनीचे कंबरडे मोडले आणि कारभार प्रतिस्पर्धी रेल्वेच्याच हाती गेला. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. १९३८ साली सरकारने वीस लाख डॉलरना हे अवशेष विकत घेतले, आणि मंदीच्या काळातील रोजगार योजनेतून आलेल्या कृष्णवर्णीय तरुणांनी शहराजवळचे २२ मैल डागडुजी करून उभे केले.

पुढे या जागेवरून मोटारींचा रस्ता नेण्याची योजना निघाली. जानेवारी १९५४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी पत्र लिहून संपादकांना आव्हान दिले: माझ्याबरोबर ही सारी वाट चालून पाहा. २० मार्च रोजी कंबरलँडहून मंडळी निघाली. आठ दिवसांनी वॉशिंग्टन गाठले तेव्हा संपूर्ण अंतर पायी चाललेले नऊच जण उरले होते. पण वृत्तपत्राने आपली भूमिका बदलली. तेव्हा इकडे विनोबा भूदानासाठी बिहारमधून चालत होते. तर्क पायांनीही करता येतो, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. १९७१ साली या कालव्याचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले.

जॉर्जटाऊनला डग्लस यांचा अर्धपुतळा आहे, आणि तो उचितच. त्यांनी चालून जे वाचवले, ते आधी इतरांनी पोटासाठी चालून आणि खोदून घडवले होते, एवढे मात्र तिथे उभे राहून आठवावे. आठ दिवसांच्या स्वेच्छेच्या चालण्याची तारीखवार नोंद राहते; खेचरांमागे वर्षानुवर्षे चाललेल्या मुलांच्या मैलांची कोणी बेरीज केलेली नाही.

शहराची विटांची गोदामे मागे पडतात, चौदाव्या मैलावर ग्रेट फॉल्सचा धबधबा गर्जतो, पुढे मोनोकसी नदीवरून सात दगडी कमानी कालव्याला पलीकडे नेतात, आणि मग शेते व राने लागतात. या साऱ्या अंतरात चढ इतका सौम्य आहे की सायकलस्वाराला तो जाणवतही नाही. हे सुख योजले होते ते भार ओढणाऱ्या जनावरासाठी. आपण त्याचे वारस आहोत, एवढी जाणीव ठेवून पायडल मारावे.