ठाणे परिसरातील बिबट्यांचे रात्रीचे चित्रण

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेल्या नागरी वस्तीत अंधारात वावरणाऱ्या बिबट्यांची छायाचित्रे व चलचित्रे संशोधन, वनव्यवस्थापन आणि माहितीपट यांसाठी टिपली जातात. सुमारे १०४ चौ. किमी क्षेत्रफळाचे हे उद्यान मुंबई उपनगर व ठाणे जिल्ह्यांत पसरले असून येऊर हे त्याचे ठाणे शहराकडील वनपरिक्षेत्र आहे. मनुष्यवस्तीजवळचा बिबट्या प्रामुख्याने रात्री हिंडतो, त्यामुळे त्याच्याविषयीची बहुतेक दृश्य माहिती रात्रीच्या चित्रणातूनच मिळते.

पार्श्वभूमी

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याची वनविभागाची पद्धत येऊरमध्येही आहे. चंद्रप्रकाशात केलेल्या या निरीक्षणातून प्राण्यांच्या जाती कळतात. मात्र दोनदा दिसलेला बिबट्या एकच होता की वेगवेगळे, हे सांगता येत नाही. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या परिसरात माणसांवरील हल्ले वाढले, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवली. इतरत्र पकडलेले बिबटे येथे आणून सोडणे हे त्या हल्ल्यांचे एक प्रमुख कारण असल्याचे संशोधकांचे मत आहे. कोणता बिबट्या मूळचा आणि कोणता बाहेरचा, हे ओळखण्याचे साधन त्या वेळी जवळजवळ नव्हते.

तंत्र

संशोधनात मुख्यतः कॅमेरा ट्रॅप वापरतात. प्राण्याच्या शरीराची उष्णता आणि हालचाल जाणवताच हा कॅमेरा आपोआप छायाचित्र घेतो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीवर एकेक कॅमेरा बांधला जातो, कारण बिबट्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरील ठिपक्यांची रचना सारखी नसते. ही रचना बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक बिबट्यात वेगळी असते. पांढऱ्या फ्लॅशमध्ये ठिपके स्पष्ट उमटतात. अवरक्त फ्लॅश प्राण्याला कमी विचलित करतो, पण चित्र कृष्णधवल येते.

ध्रुवीय प्रदेशात बर्फावरून परावर्तित होणारे चांदणे किंवा आकाशातील ध्रुवीय प्रकाश अतिसंवेदनशील कॅमेऱ्यांना पुरेसा ठरू शकतो. येऊरच्या झाडीत तेवढा उजेड जमिनीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे येथील चलचित्रणात औष्णिक कॅमेरा उपयोगी पडतो. तो शरीरातून बाहेर पडणारी उष्णता टिपतो आणि त्याला प्रकाशाची गरज नसते. साध्या काचेतून ही प्रारणे पार होत नसल्याने त्याचे भिंग बहुधा जर्मेनियमचे असते. प्राण्याच्या हालचाली यात उत्तम दिसतात, ओळख पटवण्यास मात्र हे चित्र फारसे कामाचे नसते.

बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ २' (२०१६) या मालिकेतील शहरांवरील भागात मुंबईतील बिबट्यांची शिकार अशाच कॅमेऱ्यांनी दाखवली आहे. त्याच वर्षी छायाचित्रकार नयन खानोलकर यांच्या, आरे वसाहतीतील वारली पाड्याच्या गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याच्या छायाचित्रास 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत नागरी विभागाचा पुरस्कार मिळाला.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात छायाचित्रणासाठी प्रवेश करण्यास परवाना लागतो.

निष्कर्ष

निकित सुर्वे यांनी २०१५ साली कॅमेरा ट्रॅपच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात उद्यान व लगतच्या परिसरात ३५ बिबटे ओळखले गेले. त्यांच्या आहारात हरणांबरोबरच भटक्या कुत्र्यांचाही मोठा वाटा आढळला. वस्तीच्या कडेला साचणारा कचरा कुत्र्यांना पोसतो आणि कुत्री बिबट्याला खेचून आणतात.

नागरी वस्तीतील चित्रणे

२० फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे ठाण्यातील कोरम मॉलच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. नंतर जवळच्या हॉटेलच्या आवारात त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी कल्याण पूर्वेतील चिंचपाडा भागात एका निवासी इमारतीत शिरलेल्या बिबट्यामुळे काही जण जखमी झाले. कल्याण हे शहर उद्यानाला लागून नाही. त्याच्या दक्षिणेस मलंगगडाचा डोंगराळ भाग आहे.

अशा दृश्यांना बातम्यांत 'शहरात शिरलेला बिबट्या' म्हटले जाते. येऊर किंवा घोडबंदर रस्त्यालगतच्या भागासाठी हे वर्णन अपुरे आहे, कारण तेथे बिबट्याचा वावर नित्याचाच असतो. केवळ दिसला म्हणून बिबट्याला पकडून दुसरीकडे सोडण्याची मागणी अशा चित्रफितींनंतर होते, परंतु रिकाम्या झालेल्या क्षेत्रात बहुधा दुसरा बिबट्या येतो. अडकलेल्या बिबट्याभोवती मोबाइलवर चित्रण करणारी गर्दी जमल्यास तो बिथरतो आणि बेशुद्धीचे इंजेक्शन नेमके मारणे अवघड होते.