अजगराचा उपवास : एका गैरसमजाचा इतिहास

पौष महिन्यात तुमसर परिसरातील धानाच्या बांध्या मोकळ्या झालेल्या असतात. मळणी उरकलेली असते, धान गिरण्यांकडे गेलेले असते. अशा दिवसांत सकाळी ऊन वर आले की एखाद्या बोडीच्या पाळीवर आठ-दहा फुटांचा अजगर निश्चल पडलेला दिसतो. पाहणाऱ्यांचे तर्क बहुधा दोनच. एक, याने काहीतरी मोठे गिळले आहे. दोन, हा आजारी आहे. पहिल्या तर्कातून काठ्या निघतात, दुसऱ्यातून कोंबडी. आणि बहुतेक वेळा दोन्ही तर्क चुकीचे असतात. ते चुकीचे का, आणि हे कळायला माणसाला इतका काळ का लागला, यावर आजचा हा धागा.

आरंभ नावापासून करू. ‘अज’ म्हणजे बोकड आणि तो गिळणारा तो अजगर. नावातच भूक आहे. तरीही आपल्या परंपरेने या प्राण्याची भूक जितकी पाहिली, तितकाच त्याचा उपवासही पाहिला. महाभारताच्या वनपर्वात शापित नहुष अजगर होऊन भीमाला विळखा घालतो. शांतिपर्वात मात्र प्रल्हादाला भेटणारा मुनी आजगर व्रत आचरतो, म्हणजे आपोआप जे मिळेल ते खातो आणि न मिळाल्यास पडून राहतो. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंमध्येही अजगर आहे. एकनाथांनी त्याच स्कंधावरील आपली टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली आणि हा अजगर मराठी कीर्तनात आला. निरीक्षण अचूक होते. पण परंपरेने त्याला वैराग्य म्हटले आणि बोलीभाषेने आळस. तो महिनोन्महिने का खात नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

या प्रश्नाच्या एका टोकावरून पॅरिसमध्ये वाद झाला तो १८३०च्या दशकात. लामार-पिको नावाचा एक फ्रेंच संग्राहक बंगालमध्ये राहून परतला होता. तिकडची अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि ती उबवते, असे त्याने विद्वानांपुढे मांडले. साप थंड रक्ताचा, तो ऊब देणार कोठून? सरपटणाऱ्या प्राण्यांचे तेथील सर्वांत मोठे जाणकार द्युमेरील यांनी हे म्हणणे अग्राह्य ठरवले. शास्त्राच्या तत्कालीन चौकटीत त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. पण बंगालमध्ये पाहिलेल्या गोष्टीपेक्षा पॅरिसमधील सिद्धांत वजनदार ठरला, एवढे मात्र खरे.

काही वर्षांतच उत्तर त्याच शहरात मिळाले. १८४१ साली पॅरिसच्या ‘जार्दँ दे प्लांत’ या उद्यानातील प्राणिसंग्रहात एका अजगर मादीने पंधरा अंडी घातली. ती त्यांच्याभोवती शंकूसारखे वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसली. आशील व्हालांसिएन यांनी वेटोळ्यांमध्ये तापमापक ठेवला, तेव्हा पारा भोवतालच्या हवेपेक्षा बराच वर गेला. या काळात मादीने अन्न घेतले नाही. पंधरांपैकी आठ अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. पिंजऱ्यातल्या अजगराने खाणे सोडणे हा रोग नसून कामाचा भाग असू शकतो, याची थर्मामीटर लावून झालेली ही पहिली ठळक नोंद म्हणता येईल.

वाद मात्र मिटला नाही. १८६२ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक आफ्रिकी मादी अंड्यांवर बसली आणि स्क्लेटर यांनी तिची तापमाने नोंदवली. मादी नरापेक्षा उबदार भरली, पण अंडी वाया गेली. १८८१ मध्ये फोर्ब्स यांनी तेथेच खास भारतीय अजगराची मादी तपासली. त्यांना फरक इतका थोडा आढळला की त्यांनी व्हालांसिएन यांच्या आकड्यांविषयी शंका घेतली. एक म्हणतो ऊब आहे, दुसरा म्हणतो नाही.

तोवर अभ्यासाचे एक केंद्र आपल्याकडेही उभे राहिले होते. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात लष्करी डॉक्टर फ्रँक वॉल यांनी भारतीय सापांवर जी दीर्घ लेखमाला लिहिली, तीत अजगरही आला. त्या काळच्या अशा नोंदी चाळताना एक गोष्ट खटकते : पुष्कळदा अजगर प्रथम मारला जाई आणि मग त्याच्या पोटात काय आहे ते पाहिले जाई. पोटात काय, हे त्यातून कळे. पोट रिकामे का, हे मेलेला अजगर सांगत नाही.

गाठ सुटली ती १९६६ मध्ये, न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात. हचिसन, डाउलिंग आणि विनेगर यांनी अंड्यांवर बसलेल्या मादीचे तापमान व श्वसन एकाच वेळी मोजले. भोवतालचे तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की तिचे स्नायू आचके देऊ लागत, प्राणवायूचा खप वाढे आणि शरीर तापे. खोली उबदार असेल तर आचक्यांची गरजच नसे. मागील शतकातल्या परस्परविरोधी आकड्यांमागे हेच कारण असावे, असे मला वाटते. (ही मादी ब्रह्मदेशी अजगराची होती. तेव्हा तो भारतीय अजगराचाच उपप्रकार मानला जाई, २००९ नंतर त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला.)

अंड्यांवरचा उपवास असा उलगडला. हिवाळ्यातील उपवासाचे उत्तर रानात शोधावे लागले. १९८०च्या दशकात सुब्रमण्यन भूपती यांनी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगरांचा माग घेतला. तेथील अजगर थंडीत साळिंदरांच्या बिळांत आश्रय घेत आणि दिवसा बिळाच्या तोंडाशी ऊन खात. बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर जगणाऱ्या या प्राण्याला थंडीत भक्ष्य गिळले तरी ते नीट पचत नाही. न पचलेले मांस पोटात कुजणे उपाशी राहण्यापेक्षा घातक. म्हणून तो खात नाही, आणि म्हणूनच उन्हात पडतो. पाळीवरचा तो निश्चल अजगर आजारी नसतो, शेकत असतो.

उरला प्रश्न : इतके दिवस उपाशी राहणे परवडते कसे? स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९०च्या दशकात दाखवले की उपवासात अजगर आपली पचनसंस्था जवळजवळ बंद ठेवतो. भक्ष्य पोटात गेले की दोन-तीन दिवसांत लहान आतड्याचे वजन दुपटीच्या आसपास पोचते आणि चयापचय कित्येक पटींनी वाढतो. हृदयाच्या जवनिकेचे वस्तुमान ४८ तासांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, ही नोंद २००५ सालची. गिरणीचा हंगाम संपला की भट्टी विझवून ठेवावी आणि माल आला की पेटवावी, तसे हे शरीर. ज्याला आपण सुस्ती म्हणतो, त्यात पुष्कळदा पचनाचे हे प्रचंड काम चाललेले असते.

हे सारे तुमसरच्या ऋतूंवर ठेवून पाहू. धानाच्या कोठारांपाशी घुशी-उंदीर, वैनगंगेच्या काठी झुडपे आणि ससे, म्हणजे अन्नाला तोटा नाही. तरी थंडीत, समागमाच्या त्याच काळात, अजगर खाणे आखडतो. उन्हाळ्यात अंडी घातलेली मादी बिळात बसून राहते. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही तो भक्ष्याकडे पाठ फिरवतो. पावसाळ्यात मात्र तो फिरता व खाता असतो, आणि लोकवस्तीत सापडतो तो बरेचदा तेव्हाच.

यातून एक व्यावहारिक बाब निघते. नुकतेच खाल्लेल्या अजगराला डिवचले, उचलले, पोत्यात भरले की तो भक्ष्य ओकून टाकतो, कारण भरल्या पोटी पळता येत नाही. जमलेली माणसे त्याला ‘वाचवला’ म्हणून टाळ्या वाजवतात आणि त्याचे महिन्याचे अन्न रस्त्यावर पडलेले असते. पकडलेल्या अजगराच्या तोंडात कोंबडी कोंबणे तर त्याहून वाईट. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरात ठेवणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. अजगर दिसला की वनविभागाला कळवावे आणि तोवर लांब उभे राहावे.

मोठ्या शहरांत आफ्रिकेतला बॉल पायथन पाळणारी घरे आता आहेत, आणि अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले. तो प्राणीही हिवाळ्यात महिनोन्महिने अन्न नाकारतो, आणि पाळणारे घाबरून दर दोन दिवसांनी उंदीर बदलून पाहतात. त्यांनी वजनकाटा वापरावा. वजन टिकून असेल तर थांबावे. वजन घटत गेले, किंवा तोंडात फेस आणि श्वासाला घरघर असली, तरच पशुवैद्य गाठावा.

रोवणीच्या आगेमागे तुमसरकडे अजगराची पिल्ले अंड्यांबाहेर येतात, दीड-दोन फुटांची. तीही जन्मताच खात नाहीत. अंड्यातील बलक त्यांच्या पोटात शिल्लक असतो. पहिली कात टाकून झाली की मगच ती पहिले भक्ष्य धरतात.