चंद्रकांता (दूरचित्रवाणी मालिका) : बऱ्हाणपूरच्या प्रेक्षकासाठी एक नोंद

देवकीनंदन खत्री (1861–1913) यांच्या ‘चंद्रकांता’ (1888) या हिंदी कादंबरीवरून नीरजा गुलेरी यांनी काढलेली मालिका. 1994 पासून ती दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर रविवारी सकाळी दाखवली जाई. लेखन कथाकार कमलेश्वर यांचे, शीर्षकगीत सोनू निगम यांच्या आवाजात. शिखा स्वरूप (चंद्रकांता), शाहबाज खान (वीरेंद्रसिंह), पंकज धीर (शिवदत्त), अखिलेंद्र मिश्र (क्रूरसिंह) आणि इरफान खान (बद्रीनाथ) यांच्या भूमिका विशेष गाजल्या. मराठी प्रेक्षकाला परिचित चेहरा वर्षा उसगावकर यांचा. रूपमतीचे काम त्यांनी केले.

विजयगडची राजकन्या चंद्रकांता आणि नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह यांचे प्रेम, त्यांच्या आड येणारा वजीरपुत्र क्रूरसिंह आणि त्याने चिथावलेला चुनारचा राजा शिवदत्त, एवढीच मूळ गोष्ट. ती पुढे नेतात मात्र ऐयार. ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर, बहुरूपी आणि वैद्य, तिन्ही एकाच माणसात. नौगढचा तेजसिंह, चंद्रकांतेची सखी चपला, शिवदत्ताकडचा बद्रीनाथ ही कादंबरीतली खरी माणसे. नायक-नायिका त्यांच्यापुढे फिकी पडतात. या मंडळींचा एक कायदा आहे. ऐयार हाती लागला तरी त्याला ठार मारायचे नाही, कैदेत ठेवायचे. त्यामुळे हरलेला परत येतो, डाव पुन्हा मांडला जातो आणि वाचकाला सूडापेक्षा चातुर्य पाहायला मिळते.

ऐयाराच्या कमरेचा बटवा नीट पाहावा. त्यात रंगरूप बदलण्याचे सामान असते, बेशुद्ध करणारी बुकणी असते आणि शुद्धीवर आणणारा लखलखा असतो. बुकणी नाकात गेली की माणूस दोन-तीन शिंका देतो आणि कोसळतो. त्याची गठडी बांधून पाठीवर घ्यायची, आडरानात न्यायची, लखलखा हुंगवायचा. पुन्हा शिंका, आणि डोळे उघडतात ते भलत्याच ठिकाणी. खत्री हे सगळे घाई न करता, कृती सांगावी तसे सांगतात. समोर बोलणारा खरा कोण, हा प्रश्न दर प्रकरणात उभा राहतो. कादंबरीचे रहस्य इथे आहे, आणि ते फार उच्च दर्जाचे आहे.

पडद्यावर हे अवघड होते. पुस्तकात वेशांतर नुसत्या नावाने होते. पडद्यावर चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. मालिकेने त्यावर भडक पोशाख, अतिरंजित अभिनय आणि दणदणीत संगीत असा तोडगा काढला. क्रूरसिंहाच्या भुवया एका पिढीच्या लक्षात राहिल्या आणि त्याचा ‘यक्कू’ हा उद्गार तिच्या तोंडी बसला. मूळ कथेपासून मालिका पुष्कळ लांब गेली, नवी पात्रे आणि जादू आली. 1996 मध्ये कथानक ताणल्याच्या आणि तेच प्रसंग पुन्हा दाखवल्याच्या कारणावरून दूरदर्शनने ती थांबवली व प्रकरण न्यायालयात गेले. तक्रारीत तथ्य होते. तरी इरफानचा बद्रीनाथ ज्या संयमाने बोलतो, त्यात खत्रींचा ऐयार पुरता उतरला आहे.

बऱ्हाणपूरसारख्या गावात या मालिकेची चव वेगळी लागते. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी; मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी शेजारी नांदतात, त्यामुळे खत्रींची सोपी हिंदी मराठी घरातही अडत नाही. कादंबरीतले भुयारही इथे नुसती कल्पना राहत नाही. अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, 1615 च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याचे पाझर जमिनीखालच्या बोगद्याने, केवळ उताराच्या जोरावर शहराकडे आणले आहेत. विहिरीसारख्या कुंडीतून खाली उतरले की क्षारांनी पांढुरक्या झालेल्या भिंती दिसतात आणि पायाशी पाणी वाहत असते. कादंबरीतल्या तिलिस्मात, म्हणजे कळ-कुलपांच्या मायावी वास्तूत, दगडी बगळा माणूस गिळतो, चबुतऱ्यावरच्या दगडी पुरुषाजवळ पोथी सापडते आणि पोथीतल्या सूचनांप्रमाणे कोडे सुटत जाते. कुंडी भंडाऱ्याच्या गावात वाढलेल्याला अशी कळ-कुलपांची बांधकामे परकी वाटण्याचे कारण नाही.

शहरापासून सुमारे 20 किमीवरचा असीरगड तर स्वतःच एक न सुटलेले कोडे आहे. अकबराने तो जानेवारी 1601 मध्ये घेतला. जेझुइट वृत्तान्त सांगतो की गडाचा धनी, फारुकी सुलतान बहादूरखान याला वचन देऊन बाहेर बोलावले, अडकवले आणि आतल्या सरदारांना पैसे चारले. दरबारी इतिहासकार मात्र गडावरच्या रोगराईवर भर देतात. साक्षीदार दोन, हकिगती दोन.

त्याच 1994 साली ब्रिटनमध्ये एलिस पीटर्सच्या कादंबऱ्यांवरची ‘कॅडफेल’ मालिका सुरू झाली. बाराव्या शतकातल्या श्रूझबरीच्या मठातला, वनौषधी जाणणारा साधू तीत खुनांचा छडा लावतो; काम डेरेक जेकोबी यांचे, चित्रीकरण हंगेरीतले. जडीबुटी जाणणारा शोधकर्ता दोन्हीकडे आहे. कॅडफेल गुन्हा उकलून थांबतो, ऐयार स्वतः डाव रचतो आणि दुसऱ्याचा उधळतो. मराठीत ऐयारी-तिलिस्माच्या जातीचे साहित्य नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मध्ये (1913) आणि गो. ना. दातारांच्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांत भरपूर आहे. त्यांवर तोलामोलाची मालिका व्हायला हवी.

2017 मध्ये दोन वाहिन्यांनी एकाच सुमारास ‘चंद्रकांता’ पुन्हा आणली, कलर्सने त्याच नावाने आणि लाइफ ओकेने ‘प्रेम या पहेली – चंद्रकांता’ म्हणून. नव्याने पाहू इच्छिणाऱ्याने मात्र 1994 ची मालिका घ्यावी आणि आधी कादंबरीचे पहिले प्रकरण वाचावे. संध्याकाळची वेळ, निर्मनुष्य माळ, डोंगराच्या पायथ्याशी खडकावर बसलेले वीरेंद्रसिंह आणि तेजसिंह : तेजसिंहाचा स्वभाव तिथेच कळतो, आणि पुढच्या साऱ्या वेशांतरांत त्याला ओळखायला तोच उपयोगी पडतो.